ढोरांचा दवाखाना आणि तेथील माणसे

वऱ्हाडच्या इतिहासात कापसाचे नाव जितक्या वेळा येते तितक्या वेळा बैलाचे येत नाही, आणि बैलावर उपचार करणाऱ्याचे तर जवळजवळ येतच नाही. वस्तुतः काळ्या जमिनीत वखर व तिफण चालविणारा, उगवत्या पिकात डवरा ओढणारा, आणि वेचलेला कापूस बंडीतून जिनापर्यंत पोहोचविणारा बैल जर बाजूला काढला, तर त्या वैभवात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. ह्या बैलाची, आणि त्याच्याबरोबर गोठ्यात बांधलेल्या गाईम्हशींची व शेळ्यांची दुखणी ज्यांनी पाहिली, त्या यवतमाळ जिल्ह्यातील दवाखान्यांच्या माणसांचा हा थोडक्यात वृत्तांत आहे. सरकारी कागदांत ह्या संस्थेस पशुवैद्यकीय दवाखाना म्हणतात. जिल्ह्यातील शेतकरी तिला सरळ ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतो. वऱ्हाडी बोलीतील ढोर ह्या शब्दात तुच्छता नाही; घरातल्या माणसांची मोजदाद झाली की त्याच श्वासात ढोरांची होते.

यवतमाळ हा जिल्हा ह्या नावाने १९०५ साली अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्यास वणीचा जिल्हा म्हणत, जरी त्याच्या कचेऱ्या यवतमाळासच होत्या. १९०२ साली इंग्रज सरकारने वऱ्हाड प्रांत निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला व १९०३ साली मध्यप्रांताच्या कारभारास जोडला. दोन वर्षांनी जिल्ह्यांची फेरवाटणी झाली, तेव्हा वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका यवतमाळास मिळाला. यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पाच तालुके झाले. वर्धा व पैनगंगा ह्या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. डोंगर व सागाची जंगले पुष्कळ, आणि मधल्या खोऱ्यांत कापूस व ज्वारी. वऱ्हाडात उमरडा नावाची बैलांची जात प्रसिद्ध आहे. अंगाने बेताची, परंतु कामास चिवट. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेतील बैलबाजारही दूरवर नावाजलेला आहे.

बैलजोडी ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. दहा रुपयांतून पाच हरवले तर पाच उरतात. परंतु जोडीतील एक बैल मेला तर शेतकऱ्याजवळ अर्धे औत उरत नाही, औत बंदच पडते. उरलेल्या एका बैलाने वखर ओढवत नाही आणि बंडीही चालत नाही. मग तो शेजाऱ्याशी सावड करतो, म्हणजे आपला एक व त्याचा एक मिळून जोडी करतो व आळीपाळीने दोघांची शेते कसली जातात. पण मृगाचा पाऊस दोन्ही शेतांवर एकाच दिवशी पडतो, आणि ज्याची पाळी मागाहून येते त्याची पेरणी मागे पडते. मागे पडलेली पेरणी म्हणजे कमी पीक, कमी पीक म्हणजे सावकाराचे दार. १८९९-१९०० च्या दुष्काळात वैरणीवाचून गुरे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी पाऊस पडूनही पुष्कळांस पेरावयास बैल नव्हते. बैलाच्या दुखण्यात कुटुंबाचे किती अडकलेले असते, हे ध्यानात घेतल्यावाचून दवाखान्यातील माणसांचे काम समजावयाचे नाही.

दवाखाने येण्यापूर्वी गुरांना वैद्य नव्हता असे नाही. गावचे गुराखी, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारे गोवारी, आणि प्रत्येक गावातील एखादा जाणता म्हातारा हेच वैद्य. त्यांच्या विद्येत पुष्कळ ग्राह्यांश होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूपहळद लावून शेकण्याचा जो प्रघात आहे, तो केवळ पूजेचा भाग नाही. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यास वर्षातून एकदा तरी ऊब व विसावा मिळावा, ही दृष्टी त्यात आहे. पोट फुगलेल्या बैलास जवसाचे तेल बांबूच्या नळकांड्यातून पाजणे हा घरगुती उपायही चुकीचा नव्हता; पुढे दवाखान्यानेही तेच तेल तारपीन मिसळून चालविले. परंतु त्याच विद्येत तापलेल्या लोखंडाचे डाग होते, आणि गोऱ्ह्याचे वृषण ठेचून बडविण्याची क्रूर रीतही होती. साथीपुढे मात्र जाणताही हात टेकी.

साथींत सर्वांत भयंकर बुळकांडी. जनावरास प्रथम ताप यावयाचा. दोन-तीन दिवसांत डोळ्यांतून व नाकातून पाणी, तोंडात फोड, चारा बंद. पुढे दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठ-दहा दिवसांत मृत्यू. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर ती जाई आणि गोठे रिकामे करी. लोक तिला देवीचा कोप समजत व गावाच्या शिवेवर पूजा करीत. ह्यास अज्ञान म्हणून हसण्याचे कारण नाही. त्या काळी युरोपातील पंडितांजवळही हिच्यावर औषध नव्हते. जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय फ्रान्सातील लियों शहरी क्लोद बूर्जला ह्याने १७६२ साली उघडले, त्याच्या मुळाशी गुरांच्या ह्याच साथीची धास्ती होती.

आपल्याकडे सरकारचे लक्ष प्रथम गेले ते बैलाकडे नव्हे, फौजेच्या घोड्याकडे. पुण्यास १८६२ साली हॅलेन नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी पशुवैद्यक शाळा काढली. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी १८६९ साली कमिशन बसले, त्याचा अध्यक्षही हॅलेनच; त्याचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. मुंबईस परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या औदार्याने बाई साकरबाई ह्यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्या आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक कॉलेज सुरू झाले. १८८९ साली पुण्यास रोगजंतूंची प्रयोगशाळा निघाली. साथीचे जंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. जर्मन पंडित रॉबर्ट कॉख १८९७ साली तेथे येऊन गेला. ह्या सुमारास मुलकी पशुवैद्यक खातेही स्थापन झाले होते. परळची विद्या आणि मुक्तेश्वरची लस ही दोन्ही यवतमाळच्या गोठ्यापर्यंत पोहोचावयाची तर मध्ये एक दुवा हवा होता. तो दुवा म्हणजे तालुक्याच्या गावचा लहानसा दवाखाना होय.

ह्या दवाखान्याचे स्वरूप सर्वत्र सारखे असे. एक-दोन खोल्या, पुढे पडवी, आवारात एखादे निंबाचे झाड, आणि मध्यभागी खोडा. खोडा म्हणजे चार भक्कम खांबांची व आडव्या दांड्यांची चौकट. तीत जनावर उभे केले की त्यास पुढेमागे वा बाजूस हलता येत नाही. आत फळीवर जांभळे परमँगनेट, टिंक्चर आयोडीन, फिनेल, तारपीन व विलायती मीठ. एवढ्या सामग्रीवर तालुक्यातील शेकडो गावांचा कारभार, आणि तो करणारी माणसे जेमतेम तीन-चार: एक डॉक्टर, एक ड्रेसर, एक-दोन शिपाई.

डॉक्टर बहुधा परजिल्ह्यातला. विद्या घेतलेली शहरात, पुस्तके इंग्रजी. माणसाच्या डॉक्टरला रोगी सांगतो की अमुक ठिकाणी दुखते. ह्या डॉक्टरचा रोगी मुका, आणि त्याच्या वतीने बोलणारा धनी घाबरलेला. म्हणून ह्यास डोळे व हात ह्यांवर भिस्त ठेवावी लागे. रवंथ चालू आहे की थांबले, नाकपुडी ओली आहे की कोरडी, शेण कसे आहे, डाव्या कुशीवर थाप मारली तर नगाऱ्यासारखा आवाज येतो काय, ह्यांवरून निदान. पोटफुगी हाताबाहेर गेली असेल तर डाव्या कुशीत नेमक्या जागी नळी खुपसून वायू सोडावयाचा. क्षणाचा विलंब झाला तर बैल गेला, जागा चुकली तरीही गेला. ज्वारीचे पावसाने ओढ दिलेले कोवळे फुटवे खाऊन विषबाधा झालेले जनावर आले तर शिरेतून औषध देण्यास काही मिनिटांचाच अवकाश. गाय अडली तर कोपराच्या वरपर्यंत हात घालून वासराचे पाय व मान सरळ करावयाची, आणि कळ येईल त्याच वेळी दोरी ओढावयाची. कळ नसता ओढली तर गाय फाटते. हे काम कंदिलाच्या उजेडात, चिखलात बसून, तासन्‌तास चाले.

दुसरा माणूस ड्रेसर. सरकारी मराठीत ह्या पदास ‘व्रणोपचारक’ असे भारदस्त नाव मिळाले. गावात मात्र ड्रेसर हेच नाव रुळले. जखमा धुणे, त्यांत पडलेले किडे तारपिनाचा बोळा घालून काढणे, खांदा फुटलेल्या बैलास पट्टी बांधणे, औषधे कुटून पुड्या करणे, ही त्याची नेमलेली कामे. परंतु त्याची खरी विद्या दोरीची. आठ-दहा मण वजनाचा बिथरलेला बैल पाडावयाचा कसा? शिंगांपासून निघालेली दोरी छातीभोवती एक वेढा व पोटाभोवती दुसरा वेढा घेऊन मागे न्यावयाची आणि दोघांनी सावकाश, झटका न देता, ताणावयाची. वेढे आवळत जातात तसतसा बैल गुडघे टेकतो आणि आपण होऊन बसल्यासारखा आडवा होतो. जागा भुसभुशीत असावी, पोट शक्यतो रिकामे असावे, डोके उचलून धरावे, आणि पाय सुटता कामा नये. ही विद्या पुस्तकात दोन ओळींची आहे. हातात यावयास दोन वर्षे लागतात. शिंगाच्या कॅन्सरचे शिंग कापावयाचे असो की वृषणाच्या शिरा दाबणाऱ्या चिमट्याने, रक्ताचा थेंब न सांडता, गोऱ्ह्याचे खच्चीकरण करावयाचे असो, डॉक्टरच्या हाताला यश येई ते ड्रेसरच्या गाठीमुळे. लाथ व शिंग हीही प्रथम त्याच्याच वाट्यास येत.

तिसरा शिपाई, म्हणजे आजच्या भाषेत परिचर. झाडलोट करणे, पाणी तापविणे, फिरतीवर औषधांची पेटी वाहणे, एवढेच त्याचे काम असे वाटेल. परंतु ह्या जिल्ह्यात त्याच्याकडे आणखी एक काम आपोआप आले. येथे वऱ्हाडी मराठी सर्वत्र चालते खरी, पण केळापूर व वणीकडे गोंडी व कोलामी, सरहद्दीस तेलुगू, पुसद व दिग्रस बाजूच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. परळहून शिकून आलेल्या डॉक्टरास कोलामांच्या पोडावरची म्हातारी काय सांगते हे कळावे कसे? स्थानिक शिपाई दुभाष्या होई. कोणत्या गावी पाटलाआधी गुराख्याला विचारावे, कोणत्या तांड्यावर नायकाचा शब्द मिळाल्याशिवाय सुईला हात घालू नये, हे त्यास ठाऊक असे. डॉक्टर बदलून जात. तो तेथेच राही. गावाचा विश्वास ह्या वहीत न लिहिलेल्या ज्ञानावर उभा राहिला.

विश्वास बसावयास वेळ लागला. टोचलेल्या गुरास ताप येई, ते दोन-चार दिवस कामास मंद होई, आणि शेतकऱ्यास वाटे की धडधाकट बैल सरकारने आजारी केला. आणखी एक अडचण सामाजिक होती. साथ कोणती हे ओळखण्यास मेलेले जनावर फाडून पाहावे लागते. गावरीतीने मेलेले ढोर ओढण्याचे ओझे ज्यांच्यावर लादलेले होते त्यांच्याखेरीज त्यास कोणी शिवत नसे. आणि येथे तर शिकलेला मनुष्य बाह्या सारून ते स्वतःच्या हाताने तपासू लागला. पांढरपेशा समाजाने ह्या धंद्यास बराच काळ हलका मानले, मुलगी देताना नाक मुरडले. ज्या गोठ्यातील बैल वाचला त्या घराने मात्र तसे मानले नाही.

बुळकांडीवर पहिले शस्त्र आले ते सीरमचे. साथीतून वाचलेल्या व मुद्दाम सिद्ध केलेल्या जनावरांच्या रक्तापासून काढलेला हा द्रव टोचला की संरक्षण मिळे, परंतु ते थोडेच दिवस टिके. पुढे मुक्तेश्वर येथे एडवर्ड्‌स ह्या शास्त्रज्ञाने रोगाचे विष शेळ्यांच्या शरीरातून वारंवार फिरवून सौम्य केले. हे सौम्य विष सीरमची जोड न देता एकटेच, प्रयोगशाळेबाहेर खेड्यातील गुरांना टोचून पाहण्याचे धाडस प्रथम जेथे झाले त्यांत मध्यप्रांत अग्रभागी होता. तेथील पशुवैद्यक खात्याचे स्टर्लिंग ह्यांनी आपले अनुभव १९३२ साली प्रसिद्ध केले. यवतमाळ तेव्हा त्याच प्रांतात मोडत होते. ज्या लसीने पुढे देशभर काम केले तिची कसोटी अशा साध्या खेड्यांतून व साध्या माणसांच्या हातून लागली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडीच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन खेड्यांतील पुष्कळसे दवाखाने त्यांच्याकडे गेले. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ साली निघाल्याने डॉक्टर होण्यास मुंबईचीच वाट धरण्याचे कारण उरले नाही. पुसदजवळच्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्या समाजाने शतकानुशतके पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी देशाचा व्यापार वाहिला त्या समाजाचे ते पुत्र. पुसदनजीक वरुड येथे पुढे दुग्धतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही झाले. पदांची नावे बदलली: डॉक्टर पशुधन विकास अधिकारी झाला, आणि त्याच्या खालोखाल पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक आला. १९८४ च्या कायद्याने पदवीधराने काय करावे व पदविकाधारकाने काय करावे ह्याची रेषा आखली. ती रेषा योग्य ठिकाणी आहे काय ह्याचा वाद पुष्कळ झाला. शेतकरी मात्र रात्री अपरात्री जो येतो त्यास डॉक्टरच म्हणतो.

लस टोचणाऱ्यांचे पाय ह्या सर्व काळात चालत राहिले. लस बर्फात जपावी लागे. बर्फ वितळण्यापूर्वी गाव गाठावे लागे. आणि गुरे रानात सुटण्यापूर्वी पोहोचावयाचे तर पहाटेच निघावे लागे. बुळकांडीचा नायनाट होऊ शकला ह्यास शास्त्रीय कारणे आहेत. तिचा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार काळ जगत नाही, एकदा वाचलेल्या जनावरास ती पुन्हा होत नाही, आणि एकच लस तिच्या सर्व प्रकारांवर चालते. परंतु शास्त्रीय शक्यता आणि प्रत्यक्ष घटना ह्यांमध्ये जे अंतर असते ते सायकलीवरून व पायी कापलेले आहे. १९९२ साली शेवटची मोठी योजना सुरू झाली. १९९५ नंतर भारतात हा रोग आढळला नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला. आणि २०११ साली सर्व जगातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मानवी देवीच्या खालोखाल पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग होय.

त्यानंतर दवाखान्यातील काम संपले नाही. त्याचे रूप पालटले. ट्रॅक्टर आला तसा गोठ्यात बैल कमी झाला व दुभत्या जनावराचे महत्त्व वाढले. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात राखलेल्या रेतनळ्या घेऊन डॉक्टर दारोदार कृत्रिम रेतन करू लागला. अधिकारीपदावर स्त्रियाही आल्या. गाय अडली असता बाई काय करणार, असा प्रश्न करणाऱ्यांस वासरू बाहेर आल्यावर उत्तर मिळाले. टिपेश्वरच्या जंगलालगत वाघाने गुरू मारले तर भरपाईच्या कागदावर ह्याच दवाखान्याचा अभिप्राय लागतो. २०२२ साली गाईबैलांत लम्पी नावाचा चर्मरोग राज्यभर पसरला, गुरांचे बाजार बंद करावे लागले, तेव्हा हीच माणसे गोठ्यागोठ्यातून लस टोचीत फिरली. ती लस मूळची शेळ्यांच्या देवीवरील होती. नव्वद वर्षांपूर्वी शेळीच्या देहातून निघालेल्या लसीने बैल वाचविला, आणि ह्याही वेळी शेळीचीच लस गाईबैलांच्या कामी आली. इतिहास कधी कधी असा जुन्या वाटेने परत येतो.

शहरातील घरात सकाळी दूध येते, तेव्हा त्यामागील गवळी फार तर आठवतो. ड्रेसर व परिचर कोणास आठवत नाहीत. ह्यात दोष कोणाचाच नाही. माणसाचा प्राण वाचविणाऱ्याचे नाव घराण्यात राहते. परंतु जी साथ आलीच नाही तिच्यापासून आपणांस कोणी वाचविले, हे कळावे कसे? बुळकांडीच्या अखेरच्या वर्षांत लस टोचणेही टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले, आणि मग उरले ते केवळ गावोगाव जाऊन विचारणे: कोणा जनावरास ताप, तोंडात फोड, हगवण आहे काय? नाही म्हटले तरी गोठ्यात डोकावून पाहावयाचे, आणि वहीत गावाच्या नावापुढे एक शब्द लिहावयाचा, ‘निरंक’. पुढच्या गावी पुन्हा तेच. ज्या जिल्ह्यात एका बैलाच्या मरणाने एका घराची पेरणी बुडत असे, तेथे तो एक शब्द खरेपणाने लिहिता यावा म्हणून माणसांच्या कित्येक पिढ्या खपल्या आहेत.